अक्का आणि घराण्याचं रक्त

माणसाच्या कुठल्याही गुणाचं मूळ अक्काला रक्तात सापडायचं. नातू गणितात नापास झाला की ते त्याच्या आईकडचं रक्त, पास झाला की आमचं! अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची थोरली बहीण. राहायची औशाला, पण हुकूम आमच्या नांदेडच्या घरातही तिचाच चाले.

घराण्याच्या संतापाचा तिला भारी अभिमान. आजोबा तापले की गल्ली गप्प व्हायची, हे ती पाहुण्यांना कौतुकानं सांगे. तेच आजोबा लकव्यानं गेले, हे सांगत नसे. जेवताना ताटात डावीकडे मिठाची चिमूट नव्हे, चांगली मूठ लागे. "अळणी खाणारे अळणीच बोलतात," म्हणायची. तिचं बोलणं कधीच अळणी नव्हतं.

आजी लवकर गेली आणि दादांना अक्कानंच वाढवलं. येताना ती कारळाची चटणी आणायची आणि पहिला घास दादांना भरवायची. साठीचे दादा निमूट तोंड उघडायचे. तेवढ्यासाठी ती मला फार आवडायची, हे नाकारत नाही.

दादांना बीपी होतं. नांदेडच्या एका कॉलेजात घराण्यांतून चालत येणाऱ्या रक्तदाबावर अभ्यास चालू होता. तिथं दोघा बहीणभावांनी रक्त दिलं. पुढं तिथल्या मॅडमनी आम्हाला बोलावून नीट समजावलं. आईबाप एकच असले तरी प्रत्येक लेकराच्या वाट्याला जनुकं वेगळी येतात. बीपी वाढवणारा फरक दादांमध्ये दिसतो, अक्कामध्ये नाही. त्यात तंबाखू आणि मिठानं शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, म्हणजे लोखंड गंजावं तशा रक्तवाहिन्या आतून खराब होतात. "जनुकं आपल्या हातात नाहीत, गोळी आहे. ती सोडू नका," असं त्यांनी दादांना बजावलं.

अक्कानं त्यातलं सोयीचं तेवढं घरी आणलं.

"रक्तातच हाय म्हणल्या की मॅडम! मग गोळी काय करती? माझ्याकडं बघ, सत्तरी झाली, मीठ खाऊन राहिले. काय झालं मला?"

"अक्का, तुझा वाटा वेगळा निघालाय ना," मी म्हणाले.

"एका आईचं दूध पिलो आम्ही. वेगळा कसा?"

दादा हसले आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. आई भांडली, मी भांडले. "अक्का उगंच म्हणत न्हाई," एवढंच त्यांचं उत्तर. पोळ्याच्या आधी ते न्हाणीत पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातून परत आले नाहीत.

अक्का ऊर बडवून रडली. त्यात खोटं काही नव्हतं. भेटायला आलेल्या मुदखेडच्या चुलतीनं विचारलं, "गोळ्या घेत नव्हते का?"

अक्कानं डोळे पुसले. "न्हाई ना बाई. लई सांगितलं मी, गोळी सोडू नको म्हणून. ऐकतोय कुणाचं?"

मी ताडकन उठले. आईनं माझा हात घट्ट धरला.

"ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली, "तिचं लेकरू गेलंय."

मी परत खाली बसले. अक्काला माफ मात्र केलेलं नाही.