गोधडीला मशीन पाहिजे

इचोड्यात माझं शिलाई मशीनचं दुकान आहे. रोज झाडलं तरी तिथल्या दोन गोष्टी संपत नाहीत: दोऱ्याचे तुकडे आणि गिऱ्हाइकांचे किस्से! तुकडे फेकतो. किस्से ठेवतो, त्यांना गोडाऊन लागत नाही.

आता निर्मलाबाईंचा बचत गटच घ्या. त्यातल्या बाया हायवेच्या ढाब्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना हातानं शिवलेल्या गोधड्या विकत होत्या. मागणी वाढली. थंडी तोंडावर, आणि ढाब्यासमोरच एकानं फुलाफुलांच्या ब्लँकेटांचा ढीग मांडला. लवकर मशीन आली नाही तर धंदा त्याचा! एवढी घाई म्हटल्यावर बाया झटकन मशीन घेतील, असं मला वाटलं. भोळाच मी!

* * *

पहिल्या दिवशी बाईंसोबत त्यांचे मालक आले, रिटायर गुरुजी. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मशीनचे जाणकार झालेले.

"शेठ, ह्या कॉम्प्युटरवाल्या मशीनीत डिझाइनं किती?"

"शंभर."

"मंग हेच द्या!"

निर्मलाबाई म्हणाल्या, "अन गोधडीले किती लागते?"

"एक. सरळ टाका," मी म्हटलं.

"बरंच हाय न," गुरुजी म्हणाले, "बाकीचे शिलकीत राह्यतीन!"

* * *

मी म्हटलं, कापड आणा, शिवून पाहा, मग घ्या. बाईंनी आणला रुमाल! शिवला झकास. सगळ्या बाया खूश.

"बाई, ट्रकवाला रुमाल पांघरून झोपणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी खरा थर आला. वर लुगडं, खाली लुगडं, मधात काहीतरी जाडजूड. गुरुजी वाकून पाहतात तर काय!

"अवो, हे तं माही शाळेतली पँट! इस्त्रीची!"

"रिटायर तुमी झाले," बाई म्हणाल्या, "पँटले काऊन घरी बसवाव?"

* * *

त्या पँटीवर कॉम्प्युटरवाली मशीन घुर्र करून थांबली. योगायोगानं कंपनीचा माणूस हैदराबादहून आलेला, टाय लावून. त्यानं मशीन पाहिली, थर पाहिला आणि निदान केलं.

"अम्मा, मशीन एकदम सही है. आप गोधडी थोड़ी पतली बनाओ."

"बरं," बाई म्हणाल्या. "थंडीले बी सांगून ठेव बाप्पा, थोडी पतली पड म्हणा!"

* * *

शेवटी मी मागची भारी मशीन काढली. लुगडी, पँट, सगळं चावून खाणारी. पण रंगानं काळी. बाया मागं सरल्या.

"शेठ, नव्या कामाले काळी?"

"घरची म्हैस काय गुलाबी आहे?"

"म्हैस दूध देते!"

"ही गोधड्या देईल!"

बायांची कुजबुज झाली. मग निर्णय आला: "लाल फुंदा बांधून देत असान तं नेतो."

शिलाई नाही, मोटर नाही, गॅरंटी नाही. मशीन खपली फुंद्यावर, एका लाल गोंड्यावर!

* * *

थंडी पडली आणि निरोप आला: सुई तुटून राह्यली, या!

मिस्त्री याकूबभाईंना घेऊन ढाब्यावर गेलो. बायांनी मशीन तिथंच मांडलेली. एक ड्रायव्हर गोधडीसाठी खोळंबलेला, आणि समोरचा ब्लँकेटवाला त्याला हातानं बोलावतोय. याकूबभाईंनी तेल दिलं, सुई बदलली. गोधडी लोण्यासारखी शिवत गेली. शेवटचा कोपरा आला आणि कट्! नवी सुई लावली. त्याच कोपऱ्यात पुन्हा कट्!

कोपरा उसवून पाहिला. आत ज्वारीचे दाणे!

"हे काय बाई?"

"घास हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "पोट रिकामं ठेवून गोधडी बंद करत नसतेत. उपाशी गोधडीत मानसाले झोप लागते का?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, ज्वारी शिवणारी मशीन अजून निघायची आहे!"

बाजूला आणखी एक गोधडी होती, तिचाही कोपराच तेवढा उरला होता. तो मी बिनदाण्याचा शिवून घेतला. काय सुबक कोपरा! बाईंनी मात्र पहिलीत दाणे परत भरले आणि हातानंच टाचली, वाकडीतिकडी.

दोन्ही गोधड्या मी त्या ड्रायव्हरपुढं ठेवल्या. "देखो भैया, मशीन का काम!"

त्यानं दोन्हींचे कोपरे चिमटीत धरून चोळले. सुबक गोधडी माझ्या हातात परत दिली.

"सेठ, ये तो भूखी है," म्हणाला, आणि दुसरी खांद्यावर टाकून ट्रककडे निघाला.