मिस्टर चोंच्या हातची पेज

मिस्टर चो गेल्याचं निखिलने अबूधाबीहून फोनवर सांगितलं आणि तो रडायला लागला. माझी आई गेली तेव्हा माझा हा मुलगा इतका रडला नव्हता. महिना झाला... माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मिस्टर चोंबद्दल चांगलं बोलायची मला सवयच नाही.

शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारात राहायचे. कोरियन पद्धतीचे वैद्य. नाडी बघायचे, संत्र्याची वाळलेली सालं उकळायचे आणि सगळा जिना वासाने भरून टाकायचे. निखिल तेव्हा अकरावीत, अगदी पाप्याचं पितर. मी बर दुबईच्या बाजारातून प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा आणला आणि ती थंड दुधातून दोन वेळा सुरू केली. त्याचं पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे. मी म्हणायचे, होईल सवय. संकष्टीला तर मी अक्कल पाजळली. पावडर दुधाचीच, म्हणजे उपवासाला चालते. दिवसभर तेवढीच दिली. संध्याकाळी पोरगा पोट धरून जिन्यात बसला.

मिस्टर चोंनी त्याला आत नेलं, मनगट धरलं आणि मला म्हणाले, "मॅडम, इसका पेट ठंडा चूल्हा. आप लकडी डालता, डालता. आग किधर?"

"डब्बे पे सब लिखा है," मी म्हटलं.

"डब्बा खाना नहीं पचाता." तेही इतक्या शांतपणे, की मला मिरच्या झोंबल्या.

मग निखिल रोज शाळेतून थेट त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला. आठवड्याने मी त्याला ओढून आणायला गेले. तो जमिनीवर बसून, जाड मातीच्या भांड्यातून काहीतरी गरम, पातळ ओरपत होता. "आई, इट्स जस्ट राइस." मी चमचाभर चाखलं. आलं सोडलं तर ती पेज होती. माझी आई मालवणला रोज सकाळी करायची, तीच. शारजाला आली तेव्हा नातवासाठी करते म्हणाली होती. "आजाऱ्याचं जेवण नको इथे," असं मी तिला त्याच्यासमोर म्हटलं होतं. तिने पुन्हा पेजेचं नाव काढलं नाही.

जी पेज मी आईला करू दिली नाही, ती या परक्या माणसाने माझ्या मुलाला वाढली. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. कोरियाला परत जाताना ते भांडंही माझ्या दाराशी ठेवून गेले, न विचारता.

गेल्या शुक्रवारी निखिल आला. मी त्याच भांड्यात पेज केली, आलं न घालता. दोन घास खाऊन तो म्हणाला, "एक्झॅक्टली लाइक हिज."

"आजीची आहे," मी म्हटलं.

तो नुसता हसला... त्याला कुठून पटणार?