डॉक्टरांचा लेख कुठे पाठवायचा

शस्त्रक्रियेतलं मला काही कळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही इंटर सायन्सला अडखळत चाललेला. तेवढ्यावर एका सर्जनच्या लेखाविषयी लिहायला बसलोय, हे जाणत्यांनी पोटात घालावं.

अंडकोशात पाणी भरण्याचा आजार आमच्या धानाच्या मुलखात पुष्कळ, पण सांगायची लाज. गोंदियाच्या एका डॉक्टरांनी त्यावर ऑपरेशनची सोपी पद्धत बसवली होती. माझ्या वडिलांचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. त्यावर त्यांनी इंग्रजीत लेख लिहिला आणि माझं अक्षर बरं म्हणून सुट्टीत नक्कल करायला मला बोलावलं.

टेबलावर दोन मासिकं होती. एक विलायतेचं, गुळगुळीत कागदाचं. दुसरं इकडचं, पातळ, तालुक्याचे डॉक्टर मागवत ते.

"कुठे पाठवू रे?" डॉक्टरांनी विचारलं. मी चाचरत विलायतेच्या मासिकाकडे बोट केलं. ते हसले. त्यांच्याही मनात तेच होतं.

लिहिता लिहिता एक वाक्य आलं : सहा महिन्यांनंतर सर्व रोग्यांनी बरं असल्याचं सांगितलं. माझा हात थांबला. वडिलांची चाल मी घरी पाहिली होती. रविवारी छोट्या लाइनीच्या गाडीनं नवेगावकडे, घरी गेलो.

"बाबा, सूज परत आली ना? मंग डाक्टरले बेस आहे असं काऊन सांगतलं?"

"त्यायनं एवढा जीव लावला. तोंडावर कसा म्हणू, तुमचं काम बिघडलं म्हणून?"

"पण ते छापून राहिले."

"छापू दे. माहं नाव तं नाही ना?" मग म्हणाले, "कालेजात हेच शिकवतेत का, भल्या मानसाले खाली पाडाले?"

दोन दिवस मी डॉक्टरांकडे गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. त्यांनी नकलेतलं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"तुझे वडील मला जपत होते," ते म्हणाले. "बाकीच्यांनीही जपलं असेल. तू विचारून ये. तुला खरं सांगतील."

गावोगाव, पार केशोरीपर्यंत हिंडलो. मी साहेब नव्हतो, म्हणून लोक खरं बोलले. काहींची सूज परतली होती. डॉक्टरांनी त्या रोग्यांना पुन्हा बोलावून तपासलं आणि आपलं कुठे चुकतं ते शोधून लेखात घातलं.

"आता विलायत नको," ते म्हणाले. "देवरीच्या डॉक्टरकडे ते मासिक येत नाही, आणि ही चूक त्यानं करायला नको." पातळ मासिकाचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला, पण गुळगुळीत अंक उचलून ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

धानकापणी आटोपल्यावर नागपूरला, माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर त्यांचं कार्ड आलं. लेख घेतला होता. फसलेल्या ऑपरेशनांचा भाग संपादकांनी आणखी सविस्तर मागितला होता. खाली बारीक अक्षरात होतं : "तुझे वडील आपणहून आले. काल पुन्हा ऑपरेशन केलं. आज विचारलं, तर म्हणाले, दुखते."