दादाच्या शेजारचं दार

आम्ही गावकुसाबाहेरचे. बाप मोळ्या विकायचा, आई विड्या वळायची. लहानपणी दादा भारी बडबड्या. एका लग्नात त्याला पंगतीतून उठवलं, तेव्हापासून आईचा नियम : बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. दादा तेव्हापासून गप्प झाला तो झालाच. मॅट्रिक होऊन लखनौला सरकारी नोकरीत लागला, त्यानं मला शिकवलं, आणि मी घरातला पहिला बी.ए. झालो. हे मी मान वर करून सांगतो.

मग त्याची पत्रं थांबली. तारेलाही उत्तर नाही. आईनं चिवड्याचा डबा बांधला, मी नागपूरहून गाडीत बसलो.

चारबाग स्टेशन लाल, घुमटांचं, राजवाड्यासारखं. पाहायला जीव थाऱ्यावर कुठे होता? टेम्पोनं गोमती ओलांडून इंदिरा नगर गाठलं. वस्ती नवीन, जागोजागी विटांचे ढीग. दादाच्या दाराला कुलूप, आणि फटीतून माझीच तार डोकावत होती. न फोडलेली.

मी पायरीवर बसलो. दोन तास. शेजारचं दार चार हातांवर, पण वाजवलं नाही.

शेवटी तेच उघडलं. शाळेत शिकवणाऱ्या मास्टरनीजी. "भैया, धूप में काहे बैठे हैं? पूछ नहीं सकते थे?" मग मला निरखून, "भाई हैं न उनके? बैठने से ही पता चल गया!"

दादाला कावीळ झाली होती. तीन आठवडे दवाखान्यात, आज सुटणार होता. "हमें दफ़्तर वालों ने बताया. दीवार से दीवार लगी है, एक आवाज़ तो देते!" त्यांनी मला तहरी (भाजी घातलेला मसालेभात) वाढली.

दुपारी दादा रिक्षातून उतरला, निम्मा झालेला. संध्याकाळी मास्टरनीजींनी त्याच्यासाठी मुगाची खिचडी पाठवली. भांडं रिकामं परत करत नाहीत. मी त्यात चिवडा भरला.

"तू दे नेऊन," दादा म्हणाला.

"मी पाहुणा. शेजार तुझा."

"बोलावलंय का कुणी?"

"नाही."

तो भांडं घेऊन भिंतीला धरून गेला. दार वाजवायला हात उचलला, खाली घेतला, वळून माझ्याकडे पाहिलं. परत येतो की काय! मी चपलेकडे बघत राहिलो. मग कडी वाजली.

"कौन?"

"मैं... बगल वाला."

"अच्छा! दो साल में रास्ता मिल गया? अंदर आइए!"

परतीच्या गाडीत विचार करत होतो. माणूस एकटा पडतो म्हणून अबोल होतो, की अबोल म्हणून एकटा पडतो? मला ठरवता आलं नाही. पायरीवरचे माझे दोन तास मात्र आठवत राहिले.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. दादा बरा आहे. आणि तो न बोलावता एका दारात गेला, त्याला आत घेतलं.