समोरच्या दुकानाकडे कललेला आरसा

वहिनीला त्या गल्लीत सगळेच वहिनी म्हणत. पण तसं पहिल्यांदा म्हणणारा तिचा धाकटा दीर आता समोरच्या दुकानात लोकांचे केस कापत होता आणि त्याचं नाव घरात काढायची सोय राहिली नव्हती. नवराही केसच कापायचा. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. दुकानाचे टॉवेल धुणं, खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळवणं, इस्त्री करून खाली नेऊन ठेवणं हे वहिनीचं काम. धंदा कसा चाललाय हे तिला कधी विचारावं लागलं नाही. मळक्या टॉवेलांचं बोचकं उचललं की हाताला कळायचं.

धाकट्याला हातात वस्तरा धरायला थोरल्यानेच शिकवलं. फुगवलेल्या फुग्याला साबण लावून तो न फोडता खरवडायचा, असं ते शिक्षण. हात बसला आणि एके सकाळी धाकट्याने समोरच, जरा तिरपं, स्वतःचं दुकान उघडलं. आधी एका शब्दाने बोलला नाही. थोरल्याला कळलं ते पाटी रंगवणाऱ्याकडून, तोही दाढीला आला म्हणून. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर येऊन तो वहिनीला म्हणाला, "त्याचं दुकान बंद पडलेलं याच डोळ्यांनी बघणार. तोवर मला दुसरं काही दिसायचं नाही."

वहिनीही तेव्हा चिडलेलीच होती. ज्याला आपल्या हाताने वाढलं, त्याने असं करावं? तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, चार दिवस नीट जेवली नाही, आणि मग टॉवेल धुवायला लागली. थोरल्याचं मात्र तसं झालं नाही.

आता अडचण अशी, की हा धंदा रस्त्याकडे पाठ करून करायचा. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसणार, कारागीर त्याच्या मागे उभा राहणार. सूड घ्यायचा तर शत्रूवर नजर हवी, आणि शत्रू पाठीमागे. थोरल्याने तोडगा काढला. भिंतीवरच्या मोठ्या आरशाच्या एका कडेखाली मोडक्या कंगव्याची पाचर मारली. आरसा कलला आणि दाराच्या काचेतून समोरचं दुकान सबंध त्यात आलं. लोक शत्रूला पाण्यात पाहतात, याने आरशात पाहायची सोय केली.

मग त्याचं सुखदुःख तिकडून यायला लागलं. समोर दिवा गेला की याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. समोर कुणी खळखळून हसलं की याचं जेवण जायचं. संध्याकाळी जिन्यावरचं पाऊल ऐकून वहिनी ओळखायची, आज दिराकडे गर्दी होती की नव्हती. पाऊल बहुधा जडच असायचं. एकदा तिला ताप भरला होता, तर हा उशाशी बसून धाकट्याने नवीन पंखा कसा बसवला ते सांगत राहिला. कपाळाला हात लावायचं त्याला सुचलं नाही.

आणि गिऱ्हाइकांचं काय झालं, ते या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला आरशात आपला एक कान आणि अर्धा गाल दिसायचा. बाकी सगळं समोरचं दुकान. माणूस करणार काय? बघायचा. तिथल्या खुर्च्या बघायचा, स्वच्छ फरशी बघायचा, हसणारी माणसं बघायचा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे पुष्कळ असतात. याने नाक कापून शिवाय शत्रूची जाहिरात केली. जुने मास्तर, त्याचे अगदी पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, एक दिवस समोर दिसले. थोरल्याने रस्त्यात गाठून जाब विचारला. मास्तर संकोचून म्हणाले, "अरे, तुझ्याकडे बसून बसून त्याचं दुकान इतकं ओळखीचं झालं, की पाय आपोआप तिकडे वळले." थोरल्याने यातून एवढाच अर्थ काढला, की मास्तर फितूर झाले. टॉवेलांचं बोचकं आता वहिनी एका हाताने उचलायची.

धाकटा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. न सांगता गेला, तो गेलाच. पण गुन्हा त्याचा आणि शांत झोपही त्यालाच, हे वहिनीला जास्त जाचायचं. त्याचं कारण तिला खिडकीतून दिसत होतं. धाकटा हाताखालच्या डोक्याकडे बघायचा. थोरला धाकट्याकडे बघायचा. आणि आपण? आपण दिवसभर टॉवेल खाली नेण्या-आणण्याच्या निमित्ताने थोरला कुठे बघतो तेच बघतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती दोरीपाशी चिमटे हातात धरून तशीच उभी राहिली. तिलाही तीच वाळवी लागली होती. त्या दिवशी तिला नवऱ्याची कीव यायला हवी होती. आली नाही. आला तो राग, इतका की चिमटा हातात मोडला.

तिचे केस कमरेखाली पोचणारे. सुट्टीच्या दिवशी दुकान आतून लावून थोरला तिला खुर्चीत बसवायचा आणि टोकं सारखी करून द्यायचा. त्यासाठी त्याने वेगळी कात्री ठेवली होती, ती दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावायचा नाही. आरसा कलला तेव्हापासून ती कात्री फडक्यातून बाहेर निघाली नव्हती. टोकं दुभंगून गेली होती. तिने दोनदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, बघू.

तर बघाच, असं वहिनीने ठरवलं. कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी दाराआड ठेवली. त्याने आरशात आपल्याला ओळखलं तर पिशवी रिकामी करायची, नाही ओळखलं तर बहिणीकडे जायचं आणि परत यायचं नाही. मग भर दुपारी, दोन्ही दुकानं उघडी असताना, ती रस्ता ओलांडून दिराच्या दुकानात शिरली आणि खुर्चीत बसली.

धाकट्याचा चेहरा उतरला. "वहिनी, दादाला विचारलंत का?"

"ते बघतायत," ती म्हणाली. "तू काप."

समोरच्या सरळ आरशात तिला आपला चेहरा दिसत होता आणि खांद्यावरून, रस्त्यापलीकडे, आपलं दुकान. थोरला थांबला होता. हातातली कात्री थांबली होती, मान पुढे काढून तो आरशात डोळे ताणून बघत होता. वहिनी वाट बघत बसली. आता येईल. शिव्या देत येईल, वस्तरा घेऊन आला तरी चालेल, पण येईल. केसांचा पहिला पेड फरशीवर पडला. मग दुसरा. थोरल्याने कुणावर तरी दात खाल्ले आणि पुन्हा कात्री चालवायला घेतली.

रात्रीच्या जेवणाला तो जिना चढून आला तो पाय आपटतच. ताटावर बसला. वहिनी दिव्याखाली उभी राहून वाढत होती, खांद्यावर आलेले केस मोकळे सोडून. त्याची नजर ताटात.

"आता बायकाही जायला लागल्या त्याच्याकडे," तो म्हणाला.

"हो का?"

"आज एक आली होती. एवढे लांब केस, सगळे कापून टाकले मेल्याने. कुणाच्या घरची होती कोण जाणे. नवऱ्याचं लक्ष नसणार."

"नसणारच," वहिनी म्हणाली. तिने भाजी वाढली आणि मुद्दाम जरा वाकली, केस त्याच्या ताटावर आले. त्याने ते हाताने बाजूला केले आणि घास घेतला.

"दिसायला कशी होती?" तिने विचारलं.

"मला काय माहीत. पाठमोरी होती."

तिने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले, दाराआडची पिशवी उचलली. राग तर होताच, पण त्याहून एक गार, स्वच्छ आनंद झाला, इतकी वर्षं न झालेला.

"मग पाठमोरीच बघा," ती म्हणाली आणि वळली.

 मागे ताट जोरात सरकलं आणि त्याने हाक मारली. वहिनीने ती ऐकली. ती जिना सावकाश उतरत राहिली, त्याला नीट दिसावं म्हणून.