डॉक्टरांनी विचारलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सांगताना माझा आवाज चढेल. चढू दे. शांतपणे सांगण्यासारखं यात काही नाही.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून आत. आईचे हात वाकडे होते. जन्मापासून नव्हे — लहानपणी मी तिला भात लावताना सगळ्यांच्या पुढे पाहिलंय. पण मी पाचवी-सहावीत असेन, तिची बोटं सुजायला लागली आणि मग एकेक करून करंगळीच्या बाजूला कलली. तिच्या आईचीही तशीच होती म्हणे. वैद्यांनी आमवात म्हटलं. घरात मात्र त्याचं नाव काढायचं नाही. का? तर घरात दोन मुली. मुलीच्या आईला काय झालंय हे बघूनच लोक मुलगी नेतात ना! मुलाच्या बापाला काय आहे, काकाला काय आहे — विचारतं कोण?

म्हणून ताईला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी आई ‘बाजूला’ बसायची. पाळी नसताना. पडवीच्या टोकाला, गोणपाटावर, पदराखाली हात घेऊन. बाजूला बसलेल्या बाईजवळ कोण जातं, तिच्या हातचं पाणी कोण मागतं? सोयच होती ती. आणि गावात एकीलाही कधी प्रश्न पडला नाही, की या बाईचा विटाळ बरोबर पाहुण्यांच्या दिवशीच कसा येतो. पडला असेल तरी बोलली कुणी नाही, कारण त्यांच्याही घरी मुली होत्या. लग्नानंतर कुणाला हात दिसलेच, तर उत्तर तयार होतं — दगडी गडग्यावरून पडली. आपल्याच घरात आई परक्यासारखी बसायची आणि मी तिच्यासमोरून पाहुण्यांना पोहे घेऊन जायचे. तिला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं का? नाही.

पण हे आईचं झालं. मला माझं सांगायचंय — आणि बघा, मी अजून आईच्याच पदराआड लपतेय.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. ताईला पहिलं मूल झालं, ती सासरी परतली आणि थोड्याच दिवसांत तिच्या मुठी मिटेनात. सकाळी लुगड्याची गाठ मारता येईना. बाळाला उचलताना ती कोपरांवर घ्यायची. सासूने निकाल देऊन टाकला — “माहेरी शेक नीट दिलेनी नाय, बाळंतवात हाय हा.” म्हणजे पुन्हा दोष कुणाचा, तर आईचाच. दुखणं ताईचं, आणि तिच्याकडेच सगळे असे बघणार जसं काही तिने ते हौसेने आणलंय!

शेवटी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे आणलं. मी तिथे मामाकडे राहून कॉलेज करत होते, म्हणून सोबतीला गेले. ताई, तिची सासू आणि मी. डॉक्टरांनी तिचं एकेक बोट दाबून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “आईकडे कुणाला असा त्रास आहे का? आई, आजी, मावशी? असेल तर मी वेळ घालवणार नाही. लगेच मुंबईला पाठवतो.”

सासूसमोर ताई बोलणार नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

त्याच महिन्यात माझी सुपारी फुटायची होती. मुलगा केळशीचा, बोटीवर नोकरीला — आणि स्थळ आणलेलं ताईच्या सासूनेच, तिच्या चुलतभावाचा मुलगा. मला तो आवडला होता. हेही सांगून टाकते, म्हणजे कुणी म्हणायला नको की बिचारीवर घरच्यांनी दडपण आणलं. कुणी आणलं नव्हतं. मामा नव्हता तिथे, बाबा नव्हते. मी होते.

“आमच्याकडे कुणालाच नाही,” मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, मग थोडं थांबून बघू, बाळंतपणानंतरचं कधीकधी आपोआप उतरतं. त्यांनी गोळ्या दिल्या. सासूबाई जिंकल्या. घरी शेगडी पेटली, शेकायला निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला आला, आणि माझं लग्न झालं.

दोन-तीन वर्षांनी ताई मुंबईला गेली तेव्हा बोटं वाकली होती. मनगट वळत नव्हतं. सोन्याची इंजेक्शनं दिली तिला, पण वाकलेलं सरळ होत नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं — हा आमवात, याचा कल रक्तातून येतो. कलच फक्त, हुकूम नव्हे. एका आईच्या दोन मुली, एकीला होतो, एकीला शिवतही नाही. एकीचं थोडक्यात भागतं, दुसरीचे सांधे खाऊन टाकतो. म्हणून तर घराण्याचं आधी विचारतात, असं म्हणाले ते. मला तो शिवला नाही. ज्या आईचं रक्त मी नाकारलं, तिने माझे हात शाबूत ठेवले!

आणि लोक म्हणतात, रक्तातच होतं, कोण काय करणार? ऐकलं की माझं डोकं फिरतं. रक्तात होतं ते रक्ताने केलं. मधली वर्षं कुणी खाल्ली?

मुंबईहून ताई माहेरी आली. आईने तिचे हात आपल्या हातांत घेतले — चारही सारखेच — आणि रडली. मग माझ्याकडे वळली.

“तू होतीस ना गो रत्नागिरीस डॉक्टराकडे? माझा काय विचारलंन नाय त्यान? मला बोलावलंत असतात तर मी आले असते. हात दाखवले असते.”

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“नाय गो आई,” ती म्हणाली, “त्यान कायच विचारलंन नाय.”

आईने तिच्यावर विश्वास ठेवला. आणि मी तो ठेवू दिला.