हिरव्या जाळीतला नीलकंठ

आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ पाहतात. तो दिसला की वर्ष बरं जातं म्हणतात. आमचे हे त्या दिवशी उजाडायच्या आत शिवारात जायचे आणि विजेच्या तारेवर तो निळा पक्षी दिसेपर्यंत घोटभर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. एका वर्षी तर पार दुपार झाली. घरी आले ते उन्हानं लालबुंद, पण फाटकातूनच ओरडले, "दिसला वो! टाक आता चहा!"

मी म्हटलं, "चहा कशाचा, जेवणाची येळ झाली."

"मंग दोन्ही दे."

मला पाखरांचा नाद लागला तो म्हातारपणी. नात शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची रंगीत पेन्सिलींची पेटी फळीवर पडून राहिली. फेकवेना, म्हणून एक दिवस अंगणातली साळुंकी काढून पाहिली. साळुंकी कसली, कोंबडीच झाली ती! पण चोच मात्र पिवळीधम्मक उतरली आणि मला एवढा आनंद झाला, काय सांगू. मग होला काढला, सुगरण काढली, भारद्वाज काढला. शिकवणारं कोणी नाही. आणि पाखरू काय आपल्यासाठी बसून राहतं? नीट बघून घ्यायचं, डोळे मिटायचे, डोळ्यांत ते अजून बसलेलं आहे ना हे पाहायचं, मग कागदाला हात लावायचा.

बसायची जागा म्हणजे घरामागची पत्र्याची छपरी. दुपार कलली की तिथे ऊन थेट अंगावर येई. मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवरची जुनी शेडनेट आमच्याकडे पडून होती. ती हिरवी जाळी यांनी छपरीला तिन्ही बाजूंनी बांधून दिली. सुतळीच्या गाठी अशा मारल्या, की वावधानाच्या वाऱ्यात पत्रे वाजले पण जाळी हलली नाही. म्हणाले, "आता भरव तुह्या पाखराईची शाळा." मी मसाल्याचा जुना डबा घेतला. हळदीच्या वाटीत पेन्सिलींचे पिवळे तुकडे, तिखटाच्या वाटीत लाल, धण्यांच्या वाटीत तपकिरी. तेवढंच माझं सामान. संध्याकाळ झाली की कागद पत्र्याच्या पेटीत आणि ती पेटी घरातल्या खाटेखाली.

यंदा पोळ्याच्या आधी हे गोठ्यात घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. वय पाहून डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले नाहीत. यांना घरात कोंडल्यासारखं होई, म्हणून खाट छपरीतच टाकली, जाळीच्या आत, माझ्या शेजारी. दिवसभर आम्ही दोघं तिथेच. सून जेवणाचं ताट तिकडेच आणून देई.

एकदा पत्र्याकडे पाहत म्हणाले, "यंदा काही तो दिसत नाही मले."

"कोण?"

"नीलकंठ. दसऱ्याले."

"मी काढून देईन ना. दसऱ्याले डोये उघडले का समोर धरीन. मंगच चहा."

हसले. म्हणाले, "मंग चहा झाकून ठेव. तुहं पाखरू दुपारीच उगवते."

त्याच दिवशी कागद काढला. आधी पंख घेतले, कारण नीलकंठाचं सगळं वैभव पंखांत. फिकट निळा, त्यावर गडद निळा, पुन्हा फिकट. यांना दाखवत होते, विचारत होते, "असाच ना?" हे मान उचलून पाहत. "हुबेहूब," म्हणत. मग लगेच, "छाती कवा भरशीन?"

"भरीन. घाई कायची?"

घाई त्यांना होती. मला नव्हती. माझ्या मनात एक वेडगळ गोष्ट बसली होती, ती तेव्हा कोणाला बोलले नाही. पाखरू अर्धं आहे तोवर हे दसऱ्याची वाट पाहतील, आणि वाट पाहणारा माणूस अर्ध्यातून उठून जात नाही. म्हणून मी एकेक पीस घोटत बसायची. पेन्सिलीला टोक करायलाच अर्धा तास लावायची.

पितृपक्ष संपता संपता हे गेले. दसरा तेराव्याच्या आतच आला. आपट्याची पानं कोणी वाटली नाहीत. तारेवर कोण बसलं होतं, कोण नव्हतं, ते पाहायला मी दाराबाहेर गेले नाही.

दिवाळी करायची नव्हतीच. मुलगा जालन्याला नोकरीला, रोज बसनं जाऊन येऊन करतो. त्याला चार दिवस सुटी होती. म्हणाला, "माय, तुले चित्रं काढाले मस्त जागा करून देतो." छपरीतली खाट हलवली, जुन्या दाराची फळी घासूनपुसून टेबल केलं, भिंतीला मांडणी ठोकली, पेन्सिलींना रंगवार स्टीलचे ग्लास दिले. पांढरीशुभ्र ट्यूबलाइट लावली. जाळी सोडून गुंडाळली, "हे फाटकं आता काऊन ठेवाचं?" बापाच्या मागं पोरगं रडलं नव्हतं. खिळे ठोकत होतं, तर ठोकू दे म्हटलं.

सगळं मांडून झालं. मी नव्या टेबलावर पेटी उघडली आणि त्या पांढऱ्या उजेडात अर्धा नीलकंठ बाहेर काढला.

पंख जांभळे होते. निळे नाही, जांभळे. हिरव्या जाळीच्या उजेडात निळा रंग मला हिरवट दिसे, म्हणून तो निळा वाटेपर्यंत मी त्यावर जांभळा चढवत गेले होते. आधीची पाखरं काळी-तपकिरी, त्यांच्यात हे कधी कळलं नाही.

मी सुनेला म्हटलं, "ज्या माणसानं जलमभर उन्हात नीलकंठ पाह्यला, तो याले हुबेहूब म्हने. खाटेवरून त्याईलेही तसंच दिसलं असन, नाही का?"

ती ग्लास पुसत होती. पुसायची थांबली. "आत्याबाई, मामाजीले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुमी आंघोळीले गेल्या होत्या. मले म्हने, पोरी, ते जाळी वर कर अन् कागद उन्हात धर. मी धरला. पाहून हासले. म्हने, हे तं जांभूळ खाऊन आलं!"

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

ती माझ्याकडे पाहीना. "म्हने, तिले सांगू नको. तुही सासू हे फाडीन अन् नवं काढाले बसन. नव्यापर्यंत मी काही पुरत नाही. चुकीचा तं चुकीचा, पुरा होऊ दे."

यांना पाखरू पुरं व्हायची घाई होती आणि मी ते पुरं होऊ नये म्हणून पेन्सिलींना टोकं करत होते. एका खाटेच्या अंतरावर दोघं, आणि दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, "जाळी कुठं हाय?"

"मेथीच्या वाफ्यावर टाकली."

"आन इकडं. बांध पह्यल्यासारखी."

"अवं माय, कालच तं ट्यूब लावून देली! आता जाळी?"

"दोन्ही राहू दे."

त्यानं बांधली. गाठी यांच्यासारख्या नाहीत, वाऱ्यानं सैल होतात, पण बांधली. ट्यूब विझवून मी त्या हिरव्या उजेडात बसले आणि छाती भरायला घेतली, तशीच, डोळ्यांना तिथे बरोबर वाटेल तशी. उन्हात ती तपकिरी न दिसता लालभडक दिसणार हे मला ठाऊक होतं. पंख चुकले तर छातीनं बरोबर असून काय करायचं? शेवटी डोळा काढला, तेव्हा दुपार झाली होती.

सुनेनं दारातून विचारलं, "आत्याबाई, चहा टाकू?"

"टाक," म्हटलं.

तिनं आणून दिला. खाट होती त्या बाजूला मी कागद धरून बसले होते, आणि दुसऱ्या हातात कप तसाच निवून गेला.